श्रावणात संपणारी उन्हाळी सुट्टी

आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी जूनमध्ये संपते. पाऊस येतो, शाळा भरतात, नव्या वह्यांना कव्हरे चढतात. ज्या घरातले मूल अमेरिकेत शिकते त्या घरी मात्र ही सुट्टी श्रावणापर्यंत लांबते. मेच्या मध्यास परीक्षा आटोपून ते घरी येते, हापूसच्या शेवटच्या पेट्या कशाबशा पदरात पडतात, मग आषाढाच्या धारा, आणि नागपंचमी-राखीपौर्णिमेच्या आगेमागे माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. नावापुरता उन्हाळा असलेली ही सुट्टी ओल्या छत्र्या आणि दोरीवर न वाळणाऱ्या जीन्स यांच्यात संपते.

याचे कारण तेथील शैक्षणिक वेळापत्रकात आहे. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांचे पहिले सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होते. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला होती. अधिक मासामुळे २०२६ मधील तारीख पुन्हा १४ सप्टेंबरपर्यंत पुढे जाते. म्हणजे गणपती येतात तेव्हा मूल बहुधा तिकडे वर्गात बसलेले असते. 'यंदा चार दिवस उशिरा गेलास तर?' हा प्रश्न आजी दरवर्षी विचारते, आणि दरवर्षी त्याचे उत्तर पंचांगात नव्हे, विद्यापीठाच्या कार्यालयात ठरलेले असते. ब्रिटनमध्ये सत्र साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस आणि जर्मनीत वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात. तिकडे शिकणाऱ्यांना गौरी-गणपती घरी मिळू शकतात. ऑस्ट्रेलियाची मोठी सुट्टी तर डिसेंबर-जानेवारीत येते. तिथले मूल आंब्याला नाही, हुरड्याला घरी येते.

अशा सुट्ट्या मुळात वाट्याला किती येतात, याचा हिशेब फार थोडे पालक आधी मांडतात. चार वर्षांच्या पदवीत मधले उन्हाळे तीन. त्यांतला तिसरा बहुधा इंटर्नशिपला जातो, कारण पुढची नोकरी अनेकदा तिच्यावरच अवलंबून असते. दोन वर्षांच्या एम.एस.मध्ये तर मधला उन्हाळा एकच, आणि तोही इंटर्नशिपचाच. अमेरिकेत २०२३-२४ या वर्षी भारतातील ३ लाख ३१ हजार ६०२ विद्यार्थी होते; त्यांपैकी १ लाख ९६ हजार ५६७ पदव्युत्तर अभ्यासक्रमांत, तर केवळ ३६ हजार ५३ पदवीच्या अभ्यासक्रमांत शिकत होते. बाकीचे मुख्यतः शिक्षणोत्तर प्रशिक्षणावर होते. 'दर सुट्टीत येईलच' हा विमानतळावर दिला-घेतला जाणारा दिलासा म्हणूनच बहुतेक घरांत खरा ठरत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातही प्रयोगशाळा सुटत नाही. मार्गदर्शकांनी मनावर घेतले तर त्यांना दोन-तीन आठवडे मिळतात.

त्यातच २०२५ पासून घरी येणे हाच एक निर्णय होऊन बसला आहे. त्या वर्षी मेच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या वेळा देणे थांबवले. जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू झाले ते समाजमाध्यमांच्या कसून तपासणीसह. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूटही बहुतांश बंद झाली. अनेक विद्यापीठांनी आपल्या परदेशी विद्यार्थ्यांना अनावश्यक प्रवास टाळण्याचा सल्ला दिला. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. व्हिसा हा केवळ प्रवेशाचा परवाना आहे. अमेरिकेत राहत असताना त्याची मुदत संपली तरी, अभ्यासक्रम नीट सुरू असेल तोवर, शिक्षण अडत नाही. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की परतण्यासाठी तो वैध असावाच लागतो. म्हणून तिकीट काढण्याआधी व्हिसाची तारीख पाहावी आणि 'आय-२०'च्या दुसऱ्या पानावरील प्रवासाची सही तपासावी. शिकत असलेल्यांसाठी ही सही वर्षभर चालते, प्रशिक्षणकाळात सहा महिनेच. सही राहून गेल्याचे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ध्यानात येणे आणि त्याच वेळी घरात चकल्या तळल्या जात असणे, असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ नये. सत्राच्या ३० दिवस आधी प्रवेश नाही, हा नियम मात्र प्रथमच जाणाऱ्यांसाठी आहे. शिक्षण सुरू असलेल्यांना त्याची धास्ती नको.

बॅगेचे शास्त्र निराळे. एका बॅगेस बहुधा २३ किलोची मर्यादा असते आणि स्वयंपाकघराच्या मायेला मर्यादा नसते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लोणचे, लाडू सहसा जातात. आंबेमोहोर तांदूळ नाही. खापरा भुंग्याच्या भीतीने भारतातला तांदूळ प्रवाशाला नेता येत नाही. ताजा कढीपत्ताही नाही, कारण त्यावरच्या किडीमुळे लिंबूवर्गीय झाडांना रोग होतो. आंबा तर नाहीच. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत विकला जातो, तो विकिरणप्रक्रिया करून. घरच्या पेटीला ती सवलत नाही. पिठे आणि मसाले हातातल्या बॅगेत ठेवू नयेत. ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटी असल्यास तिची वेगळी तपासणी होते, आणि पहाटे दोन वाजता थालीपिठाची भाजणी म्हणजे काय हे समजावून सांगणे सोपे नाही. नेलेले खाद्यपदार्थ जाहीर मात्र करावेत. जाहीर करून काढून घेतले गेले तर नुकसान डब्यापुरते. लपवून सापडले तर दंड होतो.

शेवटच्या पंधरवड्यात घरे विचित्र वागतात. जून-जुलै 'अजून वेळ आहे' म्हणत गेलेले असतात. मग दातांचा डॉक्टर, चष्मा, बँकेतली सही आणि दोन मावश्या एकाच आठवड्यात येतात. (दातांचे काम इथेच उरकणे शहाणपणाचे, तिकडच्या विद्यार्थी विम्यात दात बहुधा नसतात आणि खर्च डोळे पांढरे करणारा असतो.) केळवणाच्या थाटात रोज एका घरी जेवण होते आणि स्वतःच्या घरचे साधे वरण-भात राहून जाते. मूल चिडचिडे होते, आई बोलत नाही, वडील पुन्हा पुन्हा बॅगेचे वजन करतात. हे भांडण बॅगेवरून नसते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. माझ्या मते शेवटचे चार दिवस कोणालाही देऊ नयेत. आमंत्रणे जुलैत घ्यावीत, आणि पुढचा उन्हाळा घरी की नोकरीत, याची चर्चा त्याही आधी करावी. ती टाळली की मुलाचा निर्णय डिसेंबरात फोनवरून कळतो.

तिकिटावरची तारीख नीट वाचावी. मुंबईहून अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे १४ तारखेच्या विमानासाठी १३ च्या रात्रीच घर सोडावे लागते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून झोपेची घडी जाताना त्यामानाने लवकर बसते, येताना उशिरा. न्यूयॉर्कशी आपले अंतर ऑगस्टमध्ये साडेनऊ तासांचे; इकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे बारा. त्या जेवणाच्या सुट्टीत रोजचा फोन बसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात. मग तोच फोन घरी साडेदहाला येऊ लागतो, आणि आजी तोवर झोपलेली असते.