गिरणी कामगारांचा रविवार

बंगळूरूच्या पूर्वेस असलेल्या होसकोटे परिसरात आज मालमोटारींचे कारखाने आणि मोठमोठी गोदामे उभी आहेत. अशा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, यात आता कोणालाही नवल वाटत नाही. कायद्याने त्याला दिलेला तो हक्क आहे. परंतु सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी भारतातील प्रौढ गिरणी कामगाराला हा हक्क नव्हता. तो मिळवण्यासाठीचा पहिला मोठा संघटित प्रयत्न मुंबईत झाला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकणातून व देशावरून हजारो माणसे पोटासाठी मुंबईत आली. गिरणी सूर्योदयाबरोबर सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे. स्त्रिया आणि लहान मुलेही यंत्रांवर राबत. पगार उशिरा हाती पडे. यंत्रात सापडून हात गमावलेल्या कामगाराच्या पुढील आयुष्याची जबाबदारी कोणावरही नसे.

ही स्थिती केवळ भारतातच होती असे नाही. जेथे जेथे यंत्रयुग आले, तेथे तेथे हाच प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेत कामाचा दिवस आठ तासांचा असावा या मागणीसाठी १ मे १८८६ रोजी मोठा संप झाला. शिकागो शहरात जेन अ‍ॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ ही संस्था सुरू करून गरीब कामगार वस्तीत शिक्षणाचे व सेवेचे कार्य केले. तरीही तेथे बालमजुरीवर देशव्यापी बंधने घालणारा टिकाऊ कायदा १९३८ पर्यंत होऊ शकला नाही.

भारतात पहिला कारखाने अधिनियम १८८१ मध्ये झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी मात्र हा कायदा मौन बाळगून होता. इंग्लंडमधील कापड उत्पादकांना भारतीय गिरण्यांची स्पर्धा नको होती, म्हणून तेही अशा कायद्याचा आग्रह धरत. त्यामुळे येथील गिरणीमालक म्हणत, ‘हा कायदा म्हणजे आमचा उद्योग बुडवण्याचा डाव आहे.’ या वादात दोन्ही बाजूंचे धनिक बोलत होते. ज्याच्या घामावर गिरणी चालत होती, त्याचा आवाज मात्र कोठेच ऐकू येत नव्हता.

तो आवाज नारायण मेघाजी लोखंडे यांनी उठवला. त्यांचा जन्म १८४८ चा. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर त्यांनी मुंबईतील एका गिरणीत भांडारपाल म्हणून काम केले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ फुले यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. माणसाने माणसाला राबवून घेण्याचा प्रश्न हा साऱ्या जगाचा आहे, ही दृष्टी लोखंडे यांना अशा परंपरेतून लाभली. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र चालवू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. दर रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन द्यावे, अशा त्या मागण्या होत्या. आज त्या किती साध्या वाटतात! परंतु त्या मान्य होण्यास अनेक वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. तिच्यात दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारच्या सुट्टीस मान्यता दिली. १८९१ च्या सुधारित अधिनियमाने साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती यांना कायद्याचा आधार दिला आणि स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली.

हा विजय अपुरा होता. नऊ वर्षांच्या मुलाला कामावर ठेवण्याची मुभा या कायद्यातही राहिली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मर्यादा येण्यास १९११ साल उजाडावे लागले. कापडगिरण्यांत ती बारा तासांची होती. आठवड्याला ४८ तासांचे काम ही मर्यादा तर १९४६ मध्ये आली. शिवाय रोजंदारीवरील कामगाराला सुट्टी म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीचा त्याग. भूक आणि विश्रांती यांपैकी एक निवडण्याची वेळ गरिबावर येत असेल, तर केवळ सुट्टी पुरेशी नसते. पुरेसे वेतनही हवे असते.

लोखंडे यांनी कामगारांचा प्रश्न समाजसुधारणेपासून वेगळा मानला नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांनी केलेल्या संपामागेही त्यांची प्रेरणा होती. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले.

कायदा कागदावर लिहिला जातो. पण तो लिहिला जावा म्हणून आधी कोणाला तरी आपले दुःख शब्दांत मांडावे लागते, इतरांना एकत्र आणावे लागते आणि अर्जाखाली आपले नाव घालण्याचे धैर्य दाखवावे लागते. त्या ५,५०० कामगारांनी हे धैर्य दाखवले. आठवड्याच्या सुट्टीच्या हक्कामागे त्यांच्या सह्या आहेत.