जुन्या चित्रफिती आणि स्वस्त कार्ड

वर्ध्यातील ज्या घरांत १९८५ ते २००० या काळात लग्नकार्ये झाली, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या कपाटांत आजही एखादी व्हिडिओ कॅसेट सापडते. तिच्यात मंगलाष्टके असतात, पंगत असते आणि आता हयात नसलेली माणसे हिंडताबोलताना दिसतात. छायाचित्रात आजीचा चेहरा राहतो. तिचा आवाज मात्र या फितीतच उरला आहे. ती फीत संगणकात उतरवावी असे वाटले की पहिला प्रश्न येतो तो हा, की स्वस्तात कोणते कॅप्चर कार्ड घ्यावे? आज आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रथम घाई कशाची ते सांगतो. व्ही.एच.एस. पद्धत जपानात १९७६ साली निघाली. तिची यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. फीत टिकली तरी यंत्र, सुटे भाग आणि जाणता कारागीर मिळणार नाही, अशी ही अडचण आहे. २०१९ साली युनेस्कोनेही चुंबकीय फितींविषयी असाच इशारा दिला. त्यात आमच्या गावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि मागोमाग दमट पावसाळा येतो. फितीला दोन्ही मानवत नाहीत.

आता हे कार्ड करते काय? आपल्याकडील 'पाल' पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येते: आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या. एकूण ६२५ ओळींपैकी चित्राच्या ५७६. या ओळींचा विजेचा चढउतार मोजून त्याचे आकडे करणे, एवढेच कार्डाचे काम. म्हणून चांगले कार्ड ते, जे ७२० गुणिले ५७६ हा मूळ आकार आणि दोन्ही अर्धी चित्रे जशीच्या तशी देते. जे कार्ड '१०८०' असे मोठे आकडे मिरवते, ते नसलेला तपशील कोठून आणणार? ते चित्र केवळ ताणते आणि पुष्कळदा अर्धी चित्रे टाकूनही देते. व्ही.सी.आर.ची पिन एच.डी.एम.आय.मध्ये बदलणाऱ्या स्वस्त डब्या बहुधा याच जातीच्या असतात.

आमचीच फजिती सांगतो. आम्ही बाजारातले सर्वांत स्वस्त यू.एस.बी. कार्ड आणले. चित्र काळेपांढरे आणि खालीवर सरकणारे! कारण ते अमेरिकी पद्धतीवर लावलेले होते. ते सुधारले, तो तासाभरानंतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. पुन्हा पुन्हा फीत चालविली आणि चौथ्या खेपेस तिची कडा चुरगळली. काही शे रुपये वाचले, पण सप्तपदी गेली ती गेलीच.

यावरून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आतील चिप. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कार्डांत निरनिराळ्या चिपा असतात. तेव्हा वेष्टनावर न भुलता चिपेचे नाव विचारावे. दुसरी, आपल्या संगणकावर तिचा ड्रायव्हर चालतो काय. तिसरी, नीट न बसल्यास परत घेण्याची हमी. चौथी, एस-व्हिडिओची जागा. ती असल्यास रंग आणि उजेड वेगळे राहतात व चित्र स्वच्छ येते. पण आपल्या व्ही.सी.आर.ला केवळ पिवळी पिन असेल, तर त्या जागेसाठी जादा पैसे मोजू नयेत.

आवाज मागेपुढे होण्याचे मूळ बहुधा फितीच्या डळमळीत वेगात असते. तो सावरणारी खास यंत्रे महाग आहेत. मात्र एखाद्या नातलगाकडे जुना डी.व्ही.डी. रेकॉर्डर किंवा डिजिटल कॅमेरा असेल, तर फितीचा प्रवाह आधी त्यातून नेल्यास पुष्कळदा चित्र स्थिर होते. अशी उसनी वस्तू नव्या कार्डाहून मोलाची ठरते. उतरविलेली मूळ प्रत फार दाबू नये. डी.व्ही. पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात, म्हणजे तीन तासांच्या दहा कॅसेटी चारशेच्या आत बसतात. नातलगांस पाठविण्यासाठी लहान प्रत निराळी करावी.

पहिली चाचणी नेहमी बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर घ्यावी. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नये. ती हेडला लागते आणि दुसऱ्या कॅसेटींवर जाते. अशी फीत आधी जाणत्याकडून साफ करून घ्यावी.

याच वर्ध्यात मगनवाडीत राहून जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगांचे काम केले आणि टिकाऊपणाचे अर्थशास्त्र मांडले. आमच्या लहानशा प्रश्नालाही तेच लागू पडते. काटकसर म्हणजे कमीत कमी किंमत नव्हे. ज्याने काम एकदाच आणि नीट होते, ते स्वस्त. कार्ड बिघडले तर दुसरे आणता येईल, आजीचा आवाज दुसरा आणता येणार नाही. तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी कपाट उघडावे, एवढीच आमची विनंती.