बोट बुडते किती वेळा?

१७ जुलै १९४७. गटारीचा दिवस. सणासाठी गावी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कुलाबा जिल्ह्यातल्या कित्येक घरांत त्यानंतर बोटीचा प्रवास म्हटला की छातीत धस्स होई. ही भीती कितपत खरी, हे मोजता येते का?

येते, पण भागाकार कशाने करायचा ते आधी ठरवावे लागते. आज जगात शंभर टनांवरची सुमारे एक लाख जहाजे आहेत. २०२४ मध्ये त्यांतली २७ पूर्णपणे गमावली गेली, म्हणजे साडेतीन-चार हजारांत एक. १९९० च्या दशकात वर्षाला दोनशेहून अधिक जात. हिशेब जहाजांऐवजी फेऱ्यांवर मांडला, तर आकडा आणखी लहान होतो.

टकरीचे गणित १९७०च्या दशकात जपानच्या फुजींनी आणि ब्रिटनच्या मॅकडफ यांनी मांडले. आधी असे समजायचे की सगळे कप्तान झोपले आहेत. मग किती जहाजे एकमेकांवर आदळतील? या संख्येला, सावध माणसाच्या हातूनही चूक होण्याच्या शक्यतेने गुणायचे. ही शक्यता दहा हजारांत एक-दोन अशी निघाली. गंमत पहिल्या भागात आहे. रहदारी दुप्पट झाली की गाठी पडण्याचे प्रसंग साधारण चौपट होतात. म्हणून डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ मध्ये जाण्या-येण्याच्या मार्गिका वेगळ्या केल्या. १९७७ पासून त्या पाळणे सक्तीचे झाले. कप्तान काही अधिक हुशार झाले नव्हते, तरी समोरासमोरच्या टकरी झपाट्याने घटल्या. आपल्याकडे मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन बंदरांचे तोंड एकच. ७ ऑगस्ट २०१० रोजी बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया’ तिथेच आदळले.

हवामानाचा हिशेब मात्र असा सुटा सुटा चालत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या आपल्याच किनाऱ्यावरच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. लोक त्याला दैव म्हणाले. पण समुद्र खवळला की त्यावरच्या प्रत्येक बोटीचा धोका एकदमच वाढतो. दोन दुर्मीळ शक्यतांचा गुणाकार तिथे लागूच पडत नाही. त्यात गर्दीची भर पडते. लाटेने बोट कलली की घाबरलेली माणसे एका बाजूला धावतात, भार तिकडे सरकतो आणि कललेली बोट सावरत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, पंधरा जण मृत्युमुखी पडले. तेव्हा समुद्र शांत होता. परवाना ८४ प्रवाशांचा, बोटीवर शंभराहून अधिक माणसे. अशा लहान लाँच शंभर टनांच्या आत बसतात. जगाच्या त्या २७ च्या यादीत त्यांची नोंदच होत नाही.