मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक

शाळेत नववीच्या वर्गाला इतिहास शिकवायचा तर बी.एड. लागतं. कॉलेजात एफ.वाय.ला अर्थशास्त्र शिकवायला एम.ए. लागतं, नेट किंवा सेट लागते, हल्ली बऱ्याच जणांकडे पीएच.डी.ही असते. शिकवायचं कसं याचं शिक्षण मात्र नोकरी लागण्याआधी कुणी मागत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात, पण चार पर्यायांतून एक निवडणं आणि भरलेल्या वर्गापुढे तासभर उभं राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम बहुतेक जण आपल्या जुन्या शिक्षकांना आठवून करतात. ज्यांचे शिक्षक चांगले होते ते निभावून नेतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला अर्थशास्त्र शिकवते. माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात खाडीपट्ट्यातल्या मुली आहेत, त्यांतल्या काहींची दहावी उर्दू माध्यमातून झाली आहे आणि घरी त्या कोकणी बोलतात. लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या उत्तर भारतीय कामगारांची मुलं आहेत. सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यांतून चालत डांबरी रस्ता गाठणारी आणि मग एस.टी. पकडणारी मुलं आहेत. काही जण रात्रपाळी करून थेट वर्गात येतात. आणि या सगळ्यांसोबत भरणे नाक्याजवळ राहणारी, वेळेवर येणारी, पहिल्या बाकावर बसणारी मुलंही आहेत. व्याख्यान आपोआप या शेवटच्या मुलांच्या मापाचं होऊन जातं. ती मान डोलावतात, आपल्याला वाटतं वर्गाला समजलं.

‘समावेशक अध्यापन’ म्हटलं की अपंग विद्यार्थ्यांसाठीची सोय, एवढंच बहुतेकांच्या मनात येतं. ती त्यात आहेच, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे. पण जुलैत जगबुडी नदीनं पाच मीटरची इशारा पातळी ओलांडली की माझा अर्धा वर्ग घरी राहतो. सात मीटरला धोका पातळी, मग तर गाड्याच बंद. त्या आठवड्यात शिकवलेला भाग ज्यांनी ऐकलाच नाही, त्यांच्यासाठी पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं हजर असलेल्या मुलांकडूनच उजळणी करून घ्यायची, हासुद्धा समावेशक अध्यापनाचाच भाग आहे. वेळापत्रक कोणत्या एस.टी.ला धरून आखायचं, हाही. आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. घड्याळ कुणाच्या सोयीनं लावायचं हा शिक्षणातला मोठा प्रश्न आहे, हे ते पुरतं जाणून होते.

प्राध्यापकांना शिकवायला शिकवलं पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगानं १९६६च्या अहवालात नव्या व्याख्यात्यांसाठी उद्बोधन वर्ग सुचवले होते. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. त्याच अहवालात आणखी एक साधी सूचना आहे: नव्या व्याख्यात्यांनी चांगल्या शिक्षकांच्या तासांना जाऊन बसावं. पुढे १९८६चं शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७पासून विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली. त्यांचं नाव २०१५मध्ये मनुष्यबळ विकास केंद्र झालं. ५ सप्टेंबर २०२३ला केंद्र सरकारनं मालवीय मिशन जाहीर केलं आणि देशभरातली १११ केंद्रं त्याखाली आली. या मिशनच्या अभ्यासक्रमातला एक विषयच विद्यार्थ्यांमधली विविधता आणि समावेशक शिक्षण हा आहे. इतक्या ठळकपणे तो पूर्वी आला नव्हता, आणि मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

ओरिएंटेशनसाठी मी मुंबईला, कलिन्याच्या केंद्रात गेले होते. दिवसभर व्याख्यानं असत. चांगली होती, पण व्याख्यान कसं देऊ नये हेही आम्ही व्याख्यानातूनच ऐकत होतो. खरा फायदा झाला तो प्रात्यक्षिकांच्या दिवसांत. प्रत्येकानं आपल्या विषयातला एक मुद्दा थोडक्यात शिकवायचा आणि इतरांनी विद्यार्थी व्हायचं. भौतिकशास्त्राचे एक सर शिकवत होते. समोर मराठी, इतिहास, वाणिज्य असे आम्ही सगळे. त्यांनी प्रश्न विचारला आणि आमच्यापैकी बहुतेकांनी नजर खाली घातली. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं! आपल्याला येत नाही हे चारचौघांत उघडं पडेल, ही भीती काय असते ते त्या खोलीत सगळ्यांना पुन्हा आठवलं. संध्याकाळी चहाच्या वेळी याच एका गोष्टीवर आम्ही बोलत राहिलो.

त्या भीतीवरचा एक उपाय अमेरिकेतल्या शास्त्रशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिला. शाळांतले तास ध्वनिमुद्रित करून त्यांनी पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, मग स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्याला विचारत. हा थांबा तीन सेकंदांच्या वर नेला तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. वर्गासमोर उभं असताना तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून सवय करावी लागते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला मराठीतला प्रश्न आधी मनात फिरवून घ्यायचा असतो. हे तीन सेकंद तिला लागतात.

दुसरा उपाय हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांचा. १९९०च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की परीक्षेत गणितं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना मूळ कल्पनाच उमगलेल्या नाहीत. तेव्हापासून ते वर्गात एक नेमका प्रश्न टाकतात, प्रत्येकाकडून उत्तर घेतात, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगतात आणि पुन्हा उत्तर घेतात. प्रत्येकाचं उत्तर घ्यायला आमच्या वर्गात यंत्रं लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची अ, ब, क अशी तीन कार्डं प्रत्येकाच्या वहीत असतात.

मागणीची लवचिकता शिकवताना मी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी असा प्रश्न देते: गणपतीच्या आठवड्यात खासगी ट्रॅव्हल्सनं मुंबई-खेड भाडं दुप्पट केलं, तर प्रवासी निम्मे होतील, थोडे कमी होतील, की तेवढेच राहतील? कार्डं वर होतात, सगळ्या अक्षरांची. मग दोघा-दोघांचा वाद. “गणपतीला नाय यायचा तर कदी?” हा युक्तिवाद हमखास येतो. कुणी म्हणतं, रेल्वेचं आरक्षण मिळालं तर ट्रॅव्हल्सनं कोण येईल. म्हणजे पर्यायी वस्तू आल्या. कुणाला ठाऊक असतं की एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारू नये असा राज्य सरकारचा नियम आहे. म्हणजे किंमत नियंत्रण आलं. ज्याचे वडील ट्रॅव्हल्सवर चालक आहेत तो मुलगा सांगतो की गणपतीआधी मुंबईला परतणाऱ्या गाड्या रिकाम्या धावतात, त्याचा खर्च येणाऱ्यांच्याच तिकिटात धरतात. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. मग खाडीपट्ट्यातली एक मुलगी विचारते, “मॅडम, ईदला दुबईहून येणाऱ्या विमानाचं तिकीट वाढतं, ते हेच का?” तिच्या घरातले निम्मे पुरुष आखातात आहेत. हेच ते. त्यानंतर लवचिकतेची व्याख्या लिहायला पाच मिनिटं पुरतात, कारण ती आता त्यांचीच झालेली असते.

वर्ग मोठा असला की हे जमत नाही, असं स्टाफरूममध्ये ऐकू येतं. आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४५० विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ‘आधी एकट्यानं विचार, मग जोडीनं, मग सगळ्यांत’ ही पद्धत वापरून निरीक्षण केलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या वेळात खरोखर कामात गुंतलेले आढळले. आणि अशानं पोर्शन मागे राहील, ही भीती? २०१४मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट फ्रीमन यांच्या गटानं विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र तपासले. विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. पोर्शन पूर्ण करून मुलं नापास होत असतील, तर तो पूर्ण झाला असं म्हणायचं तरी कशाच्या आधारे?

आता अपंग विद्यार्थ्यांविषयी. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं २१ प्रकारचं अपंगत्व मान्य केलं आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. परीक्षेची सोय अशी कागदावर बऱ्यापैकी झाली, पण वर्गातलं काय? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र आहे, तिथून पुष्कळ शिकण्यासारखं आहे. खेडसारख्या ठिकाणी मात्र वर्गातला शिक्षक हेच केंद्र असतं.

माझ्या वर्गात एक अंशतः दृष्टी असलेला विद्यार्थी होता. ‘हा वक्र बघा, इथून खाली येतो’ हे वाक्य त्याच्या काहीच कामाचं नव्हतं. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मागणी आणि पुरवठ्याचे वक्र केले, समतोलाच्या बिंदूवर एक बटण लावलं. तो पुठ्ठा पुढे वर्गभर फिरू लागला. डोळस मुलंही सुतळीवरून बोट फिरवत ‘किंमत वाढली, मागणी घटली’ असं एकमेकांना सांगत होती. उतार बांधला की चाकाच्या खुर्चीसोबत बाळाची गाडी आणि हमालाचं ओझंही सहज वर जातं, हा वास्तुकलेतला विचार शिक्षणात ‘सार्वत्रिक रचना’ या नावानं आला आहे. पुठ्ठ्यानं तो मला बोटांनी शिकवला. त्याच वर्षी आम्ही आणखी एक सवय लावून घेतली: फळ्यावर जे लिहायचं ते मोठ्यानं उच्चारत लिहायचं, आणि बोलताना तोंड वर्गाकडे ठेवायचं. कमी ऐकू येणारी मुलं ओठ वाचतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हे कधी कुणाला सांगितलेलं नसतं.

हे सारं शिकायचं कुठे? केंद्रांवरचे वर्ग हवेतच. कोविडनंतर त्यातले बरेच ऑनलाइन झाले, आणि लहान मूल घरात असलेल्या शिक्षिकेला खेडहून कलिना गाठावं लागत नाही ही मोठीच सोय झाली. पण पडद्यापुढे बसून मिळालेलं प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फाइलला जोडलं की गोष्ट तिथेच संपण्याचा धोकाही वाढला. शिवाय एक मोठा गट या व्यवस्थेच्या कडेलाच आहे. राज्यभर कितीतरी पदं रिकामी आहेत आणि ते तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांना तासामागे मानधन. तास बुडला की पैसे बुडाले. कित्येक दिवस चालणाऱ्या वर्गाला ते कुठून जाणार? विद्यार्थ्यांसमोर मात्र रोज तेच उभे असतात. प्रशिक्षणाच्या कोणत्याही योजनेची पहिली परीक्षा मी इथे घेईन.

म्हणून आमच्यापैकी काही जणांनी कोठारी आयोगाची ती जुनी सूचना उचलली. एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचं. शेरा द्यायचा नाही, गुण नाहीत, प्राचार्यांकडे अहवाल नाही. बसणाऱ्यानं वहीत वर्गाची बैठक काढायची आणि जो बोलेल त्याच्या जागी खूण करायची. एका सहकाऱ्यांच्या तासानंतर आम्ही वही उघडली, तर सगळ्या खुणा खिडकीकडच्या तीन बाकांवर. पलीकडच्या रांगेतल्या मुलींच्या जागी एकही नाही. त्या सहकाऱ्यांना कुणी उपदेश केला नाही. कागद त्यांनी स्वतःच निरखून पाहिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रश्न विचारून जोड्यांना आधी आपसांत बोलायला दिलं आणि मग रांगेनं उत्तरं घेतली. पुढच्या कागदावर खुणा वर्गभर पसरल्या होत्या. तासिका तत्त्वावरच्या आमच्या दोन सहकारी यात पहिल्यापासून आहेत, कारण यासाठी रजा लागत नाही आणि पैसेही नाहीत. रसायनशास्त्रवाले इतिहासाच्या तासाला बसतात याचाही फायदा होतो: विषय कळत नसल्यामुळे त्यांचं सगळं लक्ष मुलांकडे राहतं.

२०२४-२५पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली आहे. क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, अंतर्गत मूल्यमापन हे सगळं त्यात आहे, आणि त्यातलं काहीही नुसत्या व्याख्यानानं पेलणारं नाही. प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की आठवड्यातला एक तास वेळापत्रकात यासाठी मोकळा ठेवा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्या तासाचं मानधन द्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगते: पुढच्या सोमवारी एका सहकाऱ्याला तुमच्या तासाला बोलवा, मागच्या बाकावर बसवा आणि तास संपल्यावर त्याची वही मागून घ्या.