बार उडाला नाही, तरी जवळ जाऊ नका

दारू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाटली येते, आणि डॉक्टर म्हटले की त्या बाटलीविरुद्धचे व्याख्यान! आज मात्र दुसऱ्या दारूविषयी लिहायचे आहे. ही दारू प्यायची नसते, ठासायची असते. जत्रेतल्या उखळी बारात, भुईनळ्यात, फटाक्यात आणि शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीत भरतात ती काळी दारू. बाटलीतली दारू माणसाला वर्षानुवर्षे पोखरते. ही दुसरी मात्र एका क्षणात हाताची बोटे, डोळा किंवा कानाचा पडदा घेऊन जाते.

जत्रा, लग्नसराई, गणपती, दिवाळी असे हंगाम आले की आमच्यासारख्या दवाखान्यात दारूने भाजलेले रुग्ण येतातच. 'कसे झाले?' असे विचारले की पुष्कळदा एकच उत्तर मिळते. 'डॉक्टर, वात पेटवली होती, पण बार वाजलाच नाही. म्हणून जरा वाकून बघायला गेलो...' पुढचे सांगावे लागत नाही, ते चेहऱ्यावर दिसतच असते. वाचकहो, आजच्या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे ठरवले, तर ते हे ठेवा: उडालेल्या बारापेक्षा न उडालेला बार अधिक धोक्याचा असतो.

काळ्या दारूचा स्वभाव

सोरा, गंधक आणि कोळसा या तीन वस्तूंची ही दारू बनते. त्यांचे प्रमाण इथे मुद्दामच देत नाही. कोळसा आणि गंधक हे जळण, तर सोरा त्या जळणाला प्राणवायू पुरवतो. चूल पेटायला बाहेरची हवा लागते, या दारूला ती लागत नाही. तिचा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. म्हणून पेटलेल्या दारूवर झाकण घालून किंवा पाय देऊन ती विझत नाही. उलट कोंडली की ती अधिकच उसळते.

दुसरा गुण असा, की ही दारू पूर्ण जळून नाहीशी होत नाही. निम्म्याहून अधिक वजनाचा भाग धूर आणि काजळीच्या रूपाने मागे राहतो. बार झाल्यावर उखळीत किंवा नळीत जी काळी राख चिकटते, ती हीच. त्या राखेत एखादा निखारा धुमसत राहू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

आपल्या जिल्ह्याला ही दारू काही नवी नाही. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मुलुख मैदान तोफ 1549 साली नगरमध्ये ओतली गेली. ती डागताना कान फुटू नयेत म्हणून बत्ती देणारा गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या टाकीत बुडी मारत असे, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या काळच्या माणसालाही आपले कान वाचवायची अक्कल होती एवढे त्यातून दिसते. आज वरातीत कानाशी बार वाजत असताना खांद्यावर लहान पोर घेऊन नाचणाऱ्या बापाला काय म्हणावे?

घात कुठे होतो?

पहिला घात न उडालेल्या बारात. वात ओलसर असते, दारूला सर्दी धरलेली असते किंवा बंदुकीच्या कानात काजळी अडकलेली असते. बत्ती दिली तरी ठिणगी आत पोचायला वेळ लागतो. बाहेरून सगळे शांत दिसते आणि आत वात सरकत असते. अशा वेळी बंदूक हातात असेल, तर तिचे तोंड मोकळ्या, निर्मनुष्य दिशेलाच ठेवून निदान दोन मिनिटे थांबावे. नळीत डोकावू नये आणि चाप पुन:पुन्हा ओढू नये. उखळीचा किंवा मोठा बार असेल, तर निदान अर्धा तास कोणीही जवळ जाऊ नये. नंतरही जाणत्याने बाजूने जाऊन, लांबूनच भरपूर पाणी ओतून तो निकामी करावा. फुसका बार पायाने उडवून बघणे किंवा त्यातली दारू काढून कागदावर पेटवणे हे शुद्ध हात दाखवून अवलक्षण!

दुसरा घात लागोपाठच्या बारात. एक बार झाला की लोक ओरडतात, 'होऊ द्या आणखी एक!' उखळी गरम असते, तळाशी निखारा असतो आणि वरून ताजी दारू पडते. ती ठासता ठासताच पेटते. ठासणारा त्या वेळी तोंडाशीच वाकलेला असतो, म्हणून गज, हात आणि चेहरा यांनाच पहिला तडाखा बसतो. दोन बारांच्या मध्ये वेळ जाऊ द्यावा आणि ओल्या फडक्याचा बोळा आतून फिरवावा. जुने जाणकार हे करीत असत. घाईत ते सुटते.

तिसरा घात अंदाजाच्या ठासणीत. 'मूठभर' हे काही माप नव्हे. दारू जास्त झाली, एकावर एक दोन बार भरले गेले किंवा दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर नळी फाटते. काडतुसातली आधुनिक, बिनधुराची दारू जुन्या नळीत भरणे तर त्याहून भयंकर. त्या दारूचा दाब जुन्या लोखंडाला सोसत नाही.

चौथा घात साठ्याचा. बार उडतो त्याच्या जवळच दारूचे पोते किंवा फटाक्यांची खोकी ठेवलेली असतात. केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल देवीच्या उत्सवात 10 एप्रिल 2016 रोजी पहाटे आतषबाजीची ठिणगी साठ्यावर पडली आणि शंभरावर माणसे गेली. आपल्या जत्रेचा पसारा लहान असेल, पण ठिणगीला पसारा कळत नाही.

अमेरिकेतले हौशी काय करतात?

अमेरिकेत जुन्या काळच्या गुराख्यांचा वेष करून, त्या काळच्या धर्तीच्या बंदुकांनी नेमबाजी करण्याची हौस आहे. त्यासाठी 1987 साली कॅलिफोर्नियात 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' निघाली. त्यातले काही हौशी मुद्दाम काळी दारूच वापरतात. धुराचे लोट आणि मोठा आवाज हीच त्यांची गंमत. पण गंमत टोपीत आणि बुटात, नियमांत नाही. नेम धरणाऱ्याने आणि जवळच्या बघ्यांनीही डोळ्यांवर चष्मा घालायचाच, आणि कानांवर संरक्षण घालण्याचीही आग्रहाची शिफारस असते. बंदूक ठरलेल्या टेबलावरच भरायची, आणि बार झाल्यावर दुसऱ्या टेबलावर ती रिकामी झाल्याचे दुसऱ्या माणसाला दाखवायचे. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. तोंड कोणाकडेही वळले, तर खेळाडू बाद. दारू मोठ्या डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, मापाने वेगळी काढून मगच भरायची, ही काळी दारू वापरणाऱ्यांची जुनी शिस्त. निखारा असलाच, तर तेवढे मापच पेटते. डबा हातात फुटत नाही.

आपल्याकडे बार उडवणारा हा बहुधा गावातला धाडसी गडी असतो, आणि 'याला भीती नाही' हीच त्याची पात्रता समजली जाते. खरे तर ज्याला भीती वाटते, त्याच्याच हाती जामगी द्यावी.

अपघात झालाच तर

बैल गेला अन् झोपा केला, असे होऊ नये म्हणून पुढचे आधीच वाचून ठेवा.

भाजले असेल तर : कपडे पेटले असतील, तर पळू नये. जमिनीवर पडून लोळावे. भाजलेल्या भागावर स्वच्छ, साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कॉफी काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि जंतूंना घर मिळते. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधीच काढावे. फोड फोडू नयेत. धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात आणावे. कातडीत काळे कण रुतले असतील, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच ते डॉक्टरांकडून घासून काढून घ्यावेत. राहिले, तर गोंदल्यासारखे कायमचे राहतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनाची विचारपूस जरूर करावी.

डोळ्याला लागले असेल तर : डोळा चोळू नये. नुसती राख किंवा धूर गेला असेल, तर स्वच्छ पाण्याने धुवावा. पण डोळ्यात काही घुसले असेल, बुबुळ वाकडे दिसत असेल, रक्त येत असेल किंवा दिसेनासे झाले असेल, तर धुवायचे नाही आणि दाबायचेही नाही. कागदी पेल्याचा बूड डोळ्यावर आधारासारखा ठेवून वरून सैल चिकटपट्टी लावावी, पेल्याचा दाब डोळ्यावर येऊ देऊ नये. गुलाबपाणी, मध, अंगावरचे दूध किंवा घरातला जुना थेंबाचा ड्रॉप यांतले काहीही घालू नये. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून तोंडाने काही देऊ नये. कोपरगावहून नाशिक किंवा अहिल्यानगर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढा रस्ता गाठायचा असतो, म्हणून 'सकाळी बघू' म्हणू नये.

कानाचे : बार झाल्यावर कानात शिट्टी वाजणे, कान बसल्यासारखे वाटणे किंवा रक्त येणे यांना किरकोळ समजू नये. कानात तेल किंवा पाणी घालू नये. पडदा फाटला असेल, तर त्यातून जंतू आत जातात. पडदा पुष्कळदा आपोआप भरून येतो, पण आतल्या नाजूक पेशी मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. एका दिवसात ऐकू येणे पूर्ववत झाले नाही, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. कापसाचा बोळा ही कानाची ढाल नव्हे. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट बसवले, तर बरेच संरक्षण देतात.

हाताचे : रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. बोट तुटून पडले असेल, तर ते शोधून ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. रुग्णाबरोबर ते न्यावे. जोडता येईल की नाही, हे सर्जन ठरवतील. 108 ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. तिला पहिल्याच मिनिटात फोन लावावा.

दमा असलेल्यांनी धुरापासून दूरच थांबावे. गंधकाच्या धुराने श्वासनळी आवळते. फवारा खिशात असू द्यावा.

मुले आणि पाइपची तोफ

गेल्या काही वर्षांत उसातली रानडुकरे आणि माकडे पळवायला प्लास्टिकच्या पाइपची तोफ निघाली आहे. तिच्यात काळी दारू नसते, कार्बाइड असते. पण तिचा घात नेमका तोच आहे. आवाज निघाला नाही, की मूल नळीत डोकावते आणि त्याच क्षणी भडका होतो. 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात या तोफेने शंभराहून अधिक जणांचे डोळे जखमी झाले. त्यात बहुतेक मुले होती. कार्बाइडचे उरलेले पाणी चुन्याचे असते, त्यामुळे डोळ्यात चुना गेल्यासारखी जखम होते. अशा वेळी डोळ्यात काही रुतलेले नसेल, तर अर्धा तास सतत पाण्याने धुवावे आणि मगच वाहनात बसावे. पण खरा उपाय म्हणजे ती वस्तू घरात न आणणे. दुकानातून दीड-दोनशे रुपयांना आणलेल्या नळीने पोराचा डोळा जावा, ही किंमत कोणत्याही पिकाला परवडणारी नाही.

यात्रा समितीसाठी चार शब्द

ठासणीची बंदूक जुनी असली, तरी तिला शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. दारू बनवणे आणि साठवणे 1884 च्या स्फोटक कायद्याखाली येते, आणि त्याचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे. फटाक्याचा आवाज चार मीटरवर 125 डेसिबलच्या आत हवा, असा नियम 1999 पासून आहे. पण पोलीस आणि परवाने यांच्या आधी समितीला स्वतः करता येण्यासारखे पुष्कळ आहे. बार उडवणारा एकच, जाणता आणि शुद्धीवर असलेला माणूस नेमावा. 'शुद्धीवर' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण दोन्ही दारू एकत्र आल्या की डॉक्टरचे काम वाढते. त्याच्या अंगावर नायलॉनचा नव्हे, सुती कपडा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. गर्दीपुढे दोरी बांधावी. साठा लांब, झाकलेला आणि वाऱ्याच्या उलट अंगाला ठेवावा. शेजारी पाण्याचे पिंप आणि वाळूच्या बादल्या असाव्यात. बार निघाला नाही, तर 'आता अर्धा तास कोणी हलायचे नाही' असे माइकवरून सांगायला एक वडीलधारा माणूस उभा असावा.

या अर्ध्या तासात देवाची पालखी कुठे जात नाही आणि वराचा मुहूर्तही टळत नाही. फार तर गावातली पोरे 'फुसका निघाला' म्हणून हसतील. त्यांना खुशाल हसू द्या. दोन डोळ्यांनी हसतील आणि दहा बोटांनी टाळ्या वाजवतील, हे काय कमी आहे?