एडिटरमधला डीबगर: काम नेमके कोणाचे?

ईमॅक्स, व्हिम किंवा व्हीएस कोड यांसारख्या एडिटरमधून बाहेर न पडता प्रोग्राम तपासता येतो. त्यामुळे ही तपासणी एडिटरच करतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते काम डीबगर (चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवून आतली स्थिती दाखवणारे साधन) करतो. सी भाषेसाठी प्रसिद्ध असलेला जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला.

हॉटेलात वेटर ऑर्डर घेतो आणि पदार्थ टेबलावर आणून देतो. रांधतो मात्र आतला आचारी. एडिटरची भूमिका वेटरची असते.

ईमॅक्समध्ये ‘एम-एक्स जीडीबी’ ही आज्ञा दिली की जीडीबी वेगळा प्रोग्राम म्हणून सुरू होतो. तुम्ही चाळिसाव्या ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावता, ईमॅक्स ते जीडीबीला कळवतो. प्रोग्राम तिथे थांबला की जीडीबी फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक परत पाठवतो; ईमॅक्स त्या ओळीशेजारी बाण दाखवतो. एखाद्या व्हेरिएबलची किंमत विचारली, तरी उत्तर जीडीबीचेच असते.

हा फरक अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो. ब्रेकपॉइंट लागेना म्हणून काहीजण एडिटरच बदलतात. अनेकदा जीसीसी या कंपायलरने प्रोग्राम कंपाइल करताना ‘-जी’ हा पर्याय राहून गेलेला असतो आणि तयार प्रोग्रामात ओळींची माहितीच नसते. म्हणून आधी तोच डीबगर टर्मिनलमध्ये थेट चालवून पाहा. तिथेही तीच अडचण आली, तर एडिटरच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.