चित्रफितीचे रूपांतर : काय उरते, काय गळते

संगणकावर उत्तम दिसणारी चित्रफीत खिशातल्या छोट्या उपकरणावर मात्र उघडतच नाही, असा अनुभव अनेकांना येतो. फाइल बिघडलेली नसते, उपकरणही नादुरुस्त नसते. त्या उपकरणाला फाइलची भाषा कळत नसते, एवढेच. म्हणून फाइल उपकरणात भरण्यापूर्वी तिचे रूपांतर करावे लागते.

ऑक्टोबर २००५ मध्ये ॲपल कंपनीने चित्रफिती दाखवणारा आयपॉड बाजारात आणला. त्याचा पडदा अडीच इंचांचा होता. त्यावर ३२० आडवे व २४० उभे, म्हणजे एकूण ७६,८०० ठिपके मावत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका तासाच्या चित्रणास सुमारे २१ गिगाबाइट जागा लागेल. ३० गिगाबाइटच्या आयपॉडमध्ये दीड तासाचेही चित्रण मावणार नाही!

यावर उपाय म्हणजे माहिती दाबून लहान करणे. बोलणाऱ्या व्यक्तीमागची भिंत क्षणोक्षणी बदलत नाही. मग ती पुनःपुन्हा कशाला नोंदवायची? बदललेला भाग तेवढा नोंदवायचा आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळायचे. या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. डीव्हीडीवर एमपेग-२ हा कोडेक असतो. तो या आयपॉडला वाचता येत नसे. त्याला एमपेग-४ किंवा एच.२६४ लागे. एच.२६४ वापरल्यास तासाभराचे चित्रण सुमारे ४०० मेगाबाइटमध्ये मावे.

फाइलच्या नावाअखेरचे ‘एमपी४’ किंवा ‘एव्हीआय’ हे शब्द केवळ डब्याचे नाव सांगतात. आतला जिन्नस, म्हणजे कोडेक, निराळा असू शकतो. म्हणूनच नाव बदलल्याने फाइल चालू होत नाही.

रूपांतराचा क्रम असा असतो. प्रथम उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतून त्याला चालणारा डबा, कोडेक व पडद्याचे माप पाहावे. नंतर हँडब्रेकसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत मूळ फाइल उघडून ती मापे निवडावीत. पडद्यापेक्षा मोठे माप निवडल्यास जागा वाया जाते. आधी दोन-तीन मिनिटांचाच तुकडा रूपांतरित करून उपकरणावर पाहावा. चित्र आणि आवाज जुळत असतील, तरच पूर्ण फाइल घ्यावी.

यानंतर यूएसबी तारेने उपकरण संगणकास जोडावे. बहुतेक उपकरणांत फाइलची नक्कल योग्य फोल्डरमध्ये ठेवली की पुरते. आयपॉडमध्ये मात्र आयट्यून्समधूनच फाइल भरावी लागे. थेट ठेवलेली फाइल पडद्यावर दिसत नसे. काम झाल्यावर संगणकाला सूचना देऊनच तार काढावी. नाहीतर फाइल अर्धवट राहण्याचा संभव असतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दाबताना गाळलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत. छोटी फाइल मोठ्या पडद्यावर लावली, तर चेहरे धूसर दिसतात. तिचेच पुन्हा रूपांतर केले, तर आणखी काही गळते. उपकरणेही टिकत नाहीत. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडची निर्मिती थांबवल्याचे जाहीर केले. घरातील लग्नाचे चित्रण किंवा आजीने सांगितलेली गोष्ट आयपॉडसाठी लहान करून मूळ फाइल ज्यांनी पुसून टाकली, त्यांच्याजवळ आता त्या अडीच इंचांपुरतेच चित्र उरले आहे.

म्हणून लहान प्रत सोबत नेण्यासाठी वापरावी आणि मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवावी. उद्याच्या उपकरणासाठी नवे रूपांतर करायचे झाल्यास ते त्या मूळ फाइलवरूनच करता येईल.